मुंबई न पाहिलेली

पांढऱ्या टाइलवर तीन थेंब,
एकात निळं सीरम, एकात पिवळं, एकात बिनरंगाचं.
काडीने ढवळायचं, टाइल जरा डोलवायची.
नासल्या दुधासारख्या गुठळ्या दिसल्या, की उत्तर.
एकवीस वर्षं हेच, इंदूरच्या या तळघरात.

कलावती चौरेंचं रक्त
निळ्यात गप्प, पिवळ्यात गप्प,
तिसऱ्यात तेवढ्या गुठळ्या.
ओ पॉझिटिव्ह, मी लिहून टाकलं.
पण ओच्या पिशवीशी जुळवून पाहिलं
तर नळीत दाणेच दाणे.
पेशी धुतल्या, पुन्हा केलं.
दाणेच.

सगळ्यांना चालतं ते हिला चालेना.

"बॉम्बे ग्रुप आहे तुमचा."
ती हसली, ओठ कागदासारखे:
"भाऊ, मी तर महूच्या पुढे गेले नाही."

पहाटे बऱ्हाणपूरच्या बसमधून
मुस्तकीम चक्कीवाला उतरला,
भुवयांवर कालचं पीठ.
त्याच्या पेशी, तिचं सीरम.
नळी दिव्यासमोर धरली.

काही झालं नाही.
काहीच न होण्याची
एवढी वाट मी कधी पाहिली नव्हती.

चहा विचारला, तर म्हणाला,
आधी काढून घ्या,
दुपारी चक्की उघडायचीय.