गावात नऊच मुलं

सोमवारी हेयिनचा बाप थेट मासळीच्या कारखान्यात आला.
मी कॉडचे काटे उपसत होते,
रबरी हातमोजे कोपरापर्यंत ओले.
म्हणाला, मार्यून, माझा मुलगा गोल मारतो.
गेल्या उन्हाळ्यात एकोणीस.
तू त्याला गोलकीपर का केलंस?

यंत्रांच्या आवाजावरून मी ओरडले, रोकुरचा हात मोडलाय.
ते खरं होतं. पण अर्धंच.

तो तीस वर्षं ट्रॉलरच्या इंजिनखोलीत.
जाळं ओढायला त्याला कुणी वर बोलावत नाही,
आणि मध्यरात्री इंजिन खोकलं
तर त्याच्यावाचून कुणाचं चालत नाही.
एक ना धड भाराभर चिंध्या, म्हणाला तो,
असं नको करूस पोराचं.
आणि गेला, बुटांचे ओले ठसे मागे ठेवून.

दिवसभर मला त्याचंच पटत राहिलं.

तसं आमच्या बेटावर एकाच जागी उभं राहणं
फार थोड्यांना परवडतं.
पोस्टमन तोच अग्निशामक, तोच चर्चमध्ये ऑर्गन वाजवतो,
तिन्ही कामं घाईत.
खेळण्याच्या वयाची मुलं नऊ, सामना आठांचा,
त्यातली दोन मेंढ्या उतरवायच्या दिवसांत फिरकत नाहीत.
मी कसली तत्त्वं सांगणार?

मला आठव्या वर्षी डावीकडे मागे उभं केलं,
डावा पाय चालतो म्हणून.
सोळा वर्षं तिथेच.
समुद्राकडचा तो पट्टा जणू सातबाऱ्यावर माझ्या नावाने चढला,
त्यातला खड्डा न् खड्डा पाठ.
मैदानाच्या मधोमध मी गेले असेन
ती सामना संपल्यावर, हात मिळवायला.

आदल्या शनिवारचं सांगते.
वारा समुद्रावरून.
हेयिनच्या हातात रोकुरचे ग्लोव्हज, बोटांची टोकं रिकामी.
पहिल्या अर्ध्यात चार गोल खाल्ले.
चौथ्यानंतर तो खांबाला टेकून रडला
आणि मी पाहून न पाहिल्यासारखं केलं.
ही माझी शिकवण्याची पद्धत असेल
तर ती फारशी चांगली नाही.

मग केव्हातरी तो ओरडायला लागला.
सोलरून, मागे बघ! सोलरून, डावीकडे!
दोन वर्षं एका संघात,
तिचं नाव त्याच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकलं.

परतताना गाडीत म्हणाला,
तिथून सगळे पाठमोरे दिसतात.
बोगद्यात शिरलो, बाहेर आलो, तरी गप्प.
मग म्हणाला, सोलरून बॉल फेकायच्या आधी डावा मोजा वर ओढते.
दर वेळी.
आणि मला परत गोलात नको.

सोलरूनला एकदा म्हटलं होतं, मध्ये खेळून बघ.
नाही म्हणाली. नुसतं नाही.
माझाच जुना पट्टा आता तिचा,
वाऱ्यावर बॉल कुठे वळणार
ते तिला माझ्याआधी कळतं.
तिला मी हलवलं नाही.
मग हेयिनलाच का, असं बापाने विचारलं असतं
तर मी सुरी पुसत बसले असते.

या शनिवारी लाइनमनची बोट चुकली.
झेंडा मी हेयिनच्या बापाच्या हातात दिला.
मला यातलं काही कळत नाही, म्हणाला.
इंजिनवाल्याचे पंजे, त्यात झेंडा चमच्याएवढा.
अर्धा तास तो रेषेवर खेकड्यासारखा आडवा पळाला,
चेहरा लाल, कुणाकडे न बघता.

मग मधून लांब पास आला, हेयिन सुटला,
आणि बॉल जाळ्यात.
पोरं एकमेकांच्या अंगावर,
बाकावरून रोकुर प्लास्टरचा हात उंचावून नाचतोय.

रेषेवर झेंडा वर.

ऑफसाइड. फार तर एका पावलाने.
हेयिन कमरेवर हात ठेवून बापाकडे बघत राहिला.
बापाचा हात थरथरत होता,
वाऱ्यानेही असेल.
झेंडा त्याने खाली घेतला नाही.