नेहमी हाच प्रोग्रॅम वापरा

दुकमला वारा मे महिन्यात सुटतो
आणि सप्टेंबरपर्यंत कोणाचं ऐकत नाही.
ड्राय डॉकच्या पोर्टाकेबिनमध्ये मी ड्रॉइंगांचे नंबर लावते,
रिव्हिजन ए, रिव्हिजन बी,
दाराच्या फटीला ओलं फडकं.

गुरुवारी, सुट्टीच्या तोंडावर, मुबीन हमदुले आला.
वेल्डर. मानेवर ठिणग्यांचे बारीक डाग,
काखेत लॅपटॉप, उशीच्या अभ्र्यात गुंडाळलेला,
आजारी कोंबडा आणावा तसा.
"म्याडम, फोटो मेले काय वो सगळे?"

मी एकावर दोनदा टिचकी मारली.
नोटपॅड उघडलं
आणि सांडलं पडदाभर:
डोक्यावर दोन टिंबं घेतलेले वाय, चौकोन, प्रश्नचिन्हं,
बाजार उठल्यावरची मासळीची फरशी.
त्यात एकच ओळ शहाण्यासारखी:
मोबाईलच्या कंपनीचं नाव, तारीख, वेळ.

"मेले नाहीत," मी म्हटलं,
"चुकीच्या माणसाकडे वाचायला गेलेत.
याला फक्त अक्षरं येतात.
चेहरा हातात दिलात तरी हा अक्षरंच लावत बसणार."

उजवी टिचकी. यासह उघडा. दुसरं ॲप.
खाली चौकोनात बरोबरची खूण:
नेहमी हाच प्रोग्रॅम वापरा.
घोळ तिथेच होता. कोणीतरी ही खूण
आधीच नोटपॅडच्या नावे करून ठेवली होती.
"कोणी?"
"नुमानन असल. सुट्टीत गेलो तेवा
मांडीवर बसून बटनं दाबायचा."

मग उघडले एकेक.
पाण्याच्या टाकीला गेलेली चीर, चारही बाजूंनी,
गवंड्याशी भांडायला लागेल म्हणून काढलेली.
तळहातावर दुधाचा दात.
बायकोचा अंगठा, अर्ध्या फोटोभर, मागे बहुतेक मांजर.
०४१२: मुबीन स्वतः, नवी बॅग,
हँडलला किमतीची चिठ्ठी अजून लटकतेय.
०४१४: रिक्षाची पाठ, धुरळा.

मधला ०४१३ उघडेना.
हा प्रकार आम्हाला ओळखता येत नाही,
एवढंच म्हणत राहिला.

तेवढ्या एकाला मी पुन्हा नोटपॅडकडे धाडलं.
कचऱ्यातून खाली, आणखी खाली, बोट दुखेस्तोवर.
आणि मध्येच, मोठ्या लिपीत,
एन यू एम ए एन.
पुढे नऊ वेळा नुसताच एन.
आणि त्यानंतर, दिसत नाही पण कळतं,
त्यानं सेव्ह केलेलं होतं.

"असं आत लिहून जपून ठेवलं की फोटो मोडतो," मी म्हटलं.
"आता नाव खोडलं तरी परत यायचा नाही."

फोटो कशाचा होता हे त्यानं विचारलं नाही.
मीही नाही.
पडद्याला नाक लागेल इतका तो वाकला होता.
"हातानं लिवताना एन उलटा काढतो तो," म्हणाला,
"बाई वहीवर लाल मारतात.
हितं बघा. सगळे सरळ."

बाहेर कुठेतरी पत्रा सुटला असावा,
धाड धाड वाजत होता, कोणी बांधायला जात नव्हतं.

मी फाईलच्या नावावर थांबले.
शेपटीचं जेपीजी काढलं, टीएक्सटी लावलं.
कॉम्प्युटरनं हटकलं:
शेपूट बदललंत तर फाईल निकामी होऊ शकते.
नक्की ना?
हो म्हटलं.

या वेळी टिचकी मुबीननं मारली,
वेल्डिंगच्या हातमोज्यांनी सुजल्यासारख्या झालेल्या बोटानं,
एकदा चुकून, मग नीट.
"उघडली," म्हणाला.

अभ्रा गुंडाळला, सलाम केला, गेला,
आणि दारातून परत आला, फडकं पायाला अडकून ओढलं गेलेलं.
टाकीच्या चिरेचे दोन प्रिंट हवे होते.
रंगीत नकोत. काळे-पांढरे चालतील.