समास सोडून

वुस्टर गावात, व्हर्नन हिलच्या उतारावर
चौतीस फूट रुंद, एकशेदहा लांब,
दोन घरांमधून जीभ बाहेर काढावी तसा तुकडा.
आधीच्या मालकाने त्यावर एक होडी पालथी घातलेली,
जवळचं तळंही तीन मैलांवर.
सह्या झाल्या त्या दुपारी कुमुदवन्सं म्हणाल्या,
"होडीसकट घेतलं का गं?"

होडीसकट घेतलं.
माझे पैसे नवऱ्याच्या विम्याचे,
त्यांचे घटस्फोटातले.
बँकेतल्या पोराने दोन्ही एकाच रकान्यात मांडले.

रात्री भांडी आवरून टेबलावर कागद पसरते.
डावीकडे आठ फूट सोडायचे, उजवीकडे आठ,
पुढे पंधरा, मागे वीस.
सामासिक अंतर.
चौथीत तांबोळीबाई पट्टी आपटून सांगायच्या,
समास सोडा, समास माझा आहे,
आणि तिथे लाल शाईने लिहायच्या.
उरले अठरा फूट.
अठरा फुटांत तीन स्वयंपाकघरं, तीन न्हाणीघरं,
आणि मागच्या कोपऱ्यातून तिरकी गेलेली
एकोणीसशे चोवीस सालची सांडपाण्याची नळी.
तिच्यावर काही बांधायचं नाही. शेजाऱ्यांची वहिवाट.
करार करणारे सगळे मेले,
करार वाहतोय.

तळमजला वन्संचा, गुडघ्यांमुळे.
मधला माझा.
वरचा भाड्याचा, त्यावरच कर्ज फिटायचं.
नणंदभावजय हा द्वंद्व समास,
विग्रह करताना मध्ये 'आणि' येतं.
आमच्यात तो 'आणि' म्हणजे जिना,
तीन फूट रुंद, आणि कुठेच बसत नव्हता.
सहा वेळा खोडला.
सातव्यांदा उत्तरेला सरकवला तेव्हा
दक्षिणेची सगळी खिडकी वर गेली,
गच्चीवजा ओटाही, अख्खं गाव दिसेल असा.
वन्संनी चष्मा पुसून पाहिलं.
"म्हणजे ऊन भाडेकरूला आणि आपल्याला
पियेत्राशबाईंची भिंत?"

मी उत्तर दिलं नाही.
ग्राफ्टन स्ट्रीटच्या तळघरात अकरा वर्षं काढली आम्ही.
खिडकी फुटपाथच्या उंचीला.
माणसं बुटांवरून ओळखायचे.
पोस्टमनचा डावा पाय जरासा फरफटायचा.
एकदा बर्फाने ती खिडकी चार दिवस बुजली
आणि सकाळ झाली हे फक्त
वरच्यांच्या कॉफीच्या वासावरून कळायचं.
त्या घराच्या नकाशावरही कुणीतरी
पेन्सिल चालवलीच असेल.

सुनावणी मंगळवारी, नगरभवनात, खोली तीन.
तीन बिऱ्हाडं, दोन गाड्यांची जागा. तिसरी गाडी कुठे?
म्हटलं, तिसरं बिऱ्हाड बसने जाईल.
हमी कोण देणार?
हमी नाही देता येत, म्हटलं, अजून ते बिऱ्हाड आलंच नाहीये.
मागे कुणीतरी हसलं.
मग पियेत्राशबाई उठल्या, वय एक्क्याऐंशी,
हातात टोमॅटोच्या वाफ्याचा फोटो.
"दुपारी चारनंतर हिची सावली माझ्यावर."
खोटं नव्हतं. मीच काढून पाहिली होती ती सावली,
जुलैची, ऑगस्टची, आणि फाईलमध्ये
जरा मागच्या पानावर लावली होती.

निर्णय महिनाभर पुढे.

घरी येऊन माझ्या मजल्याचं छत दीड फूट उतरवलं.
वन्संचं तसंच ठेवलं, त्यांना पंखा हवा.
वरचंही तसंच.
हात वर केला तर बोटं टेकतील आता.
ठीक आहे. मी काही फार उंच नाही.
सावली वाफ्याच्या कडेपर्यंत येते,
शेवटच्या ओळीवर अजून पडते,
ती एक ओळ मला सोडवता आलेली नाही.

वन्सं झोपायला जाता जाता थांबल्या,
नळीवरच्या त्या रिकाम्या तिरक्या पट्टीवर बोट ठेवून.
"इथे खरंच काही नाही चालणार?"
बांधकाम नाही चालणार.
"मग होडी उलथी करू. माती भरू. मेथी, आणि तिला टोमॅटो."
मी नियमांचं पुस्तक उघडलं.
होडीबद्दल त्यात
काहीच लिहिलेलं नाही.