श्रीखंडाचा डबा

रात्री तीनदा उठवलं चंपीनं.
चौथ्यांदा नाही उठवलं;
सतरंजीच्या कडेला, भिंतीकडे तोंड करून
बसून राहिली, चोरी पकडल्यासारखी.

सकाळी श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात नमुना,
वर दोन रबरबँड,
आणि दांडिया बाजारातून रिक्षा.
रिक्षावाला म्हणाला, "मीठाई छे?"
मी हो म्हटलं.

डॉक्टर परीखांनी मायक्रोस्कोपपाशी बोलावलं.
इवले, वाकडे, पंख पसरल्यासारखे,
सुळकन इकडून तिकडे.
देखणे होते मेले.

"कच्चं काही खाल्लं होतं?"

रविवारची कलेजी.
वाटीत नव्हती दिली,
माझ्या तळहातावरून. लाडानं.

घरी आल्यावर साबणानं हात धुतले.
पुन्हा धुतले.
चंपी डुलत डुलत आली,
हुंगलं तिनं, आणि
तोच तळहात चाटायला लागली.