पदाधिकारी परिचय

उद्यमनगरात, लेथच्या वरच्या खोलीत
सौरसंस्थेच्या अहवालाचं शेवटचं पान अडलंय.
छापखान्याचा पोरगा खाली हॉर्न मारतोय.

अध्यक्ष जिनपाल मगदूम.
बावीस वर्षं फौंड्रीत कोळशाची खरेदी बघायचे;
नखांतलं काळं फोटोतही दिसतंय.

खजिनदार शमशाद मुजावर, बँकेतून निवृत्त.
"सौरपंपाची सात कर्जं मीच नाकारलेली,
तेही लिही की," चष्मा पुसत म्हणाल्या.

राहिले केरबामामा. लाइनमन.
अनुभवाचा रकाना आठवडाभर कोरा,
मग बारीक अक्षरात :
उचगाव ते वळिवडे
किती घरांची वीज तोडली, मोजली नाही.
एका पोरीनं शिडी धरली,
काका, एवढं गणित होऊ दे.

पुढची ओळ खोडलीय.

मी ती तशीच टाइप केली,
खोडून.