कसर

रोज संध्याकाळी सहाला
मी ओल शोषणाऱ्या यंत्राची बादली उपसते.
दोन लिटर, कधी अडीच.
दिवसभर पुस्तकांत शिरू बघणारी मांडवी,
हवेतून ओढून काढलेली.
शिपाई कामिल म्हणतो, अबोलीला घाला.
घालते. अबोली मरत नाही, वाढतही नाही.

माझ्या हुद्द्याला धड नाव नाही.
पगारपत्रकावर आहे ‘जतन सहायक, दुर्मीळ’.
दुर्मीळ पुस्तकं. सहायक नव्हे,
हे लेखा विभागाला एकदा सांगून झालंय.

चोडणच्या फेरीतून हेर्कुलान बार्रेटो आले ते मंगळवारी,
बगलेत बिस्किटांचा पत्र्याचा डबा,
डब्यात पुस्तक.
पाठ सुटलेली, पहिली आठ पानं गेलेली.
म्हणजे नाव नाही, साल नाही, छापणाऱ्याचा ठावठिकाणा नाही.
कडेला जांभळट डाग.
‘सोलां आसलीं तातूंत,’ ते म्हणाले,
जणू दुसऱ्याच कुणाचा गुन्हा.
मुलगा स्विंडनला. घर विकत नाही म्हणाले,
नुसतं रिकामं करतोय.

मी उशी मांडली, हात धुऊन कोरडे केले.
पान उलटायचं ते वरच्या कोपऱ्यातून,
निजलेल्या पोराच्या हाताखालून
खेळणं काढून घ्यावं तसं.
लिपी रोमन. व-च्या जागी यू, जुन्या खिळ्यांची खोड.
एक ओळ मनात वाचली, कळली नाही.
मग मोठ्याने.
ही पुस्तकं डोळ्यांना भीक घालत नाहीत,
त्यांना तोंड लागतं.
आणि त्या फिरंगी अक्षरांतून मराठी आली बाहेर,
उसन्या कोटातल्या सख्ख्या भावासारखी,
बाह्या लांब, चाल तीच.

कसर नवव्या पानावर आत शिरलेली,
एकसष्टाव्यावर बाहेर.
सरळ गेली, काहीही न वाचता.

पान एकोणचाळीस, ओळ सात.
आई लेकराचं तोंड पुसते. कशाने?
तिथेच भोक.
उरलंय ते असं: पा, मग उजेड, मग व.
‘पाव?’ मी म्हटलं. ‘पावाने पुसते?’
वीस वर्षांचा अनुभव माझा.

हेर्कुलान खिडकीतून खाजणाकडे बघत होते.
न वळताच म्हणाले,
‘पालव.
पालव गो बाय. मांय म्हणटाली म्हजी,
करेज्मांत, रांदचे कुडींत, सवकास.’
आणि पुढची ओळ म्हणाले. त्यापुढची.
मग अडकले.
अडलेलं पानावर होतं, ते मी वाचलं.
पुढे पुन्हा भोक आलं, ते त्यांनी.
असे आम्ही बेचाळीसपर्यंत गेलो,
एकमेकांकडे न बघता.
कामिल दारात चहा धरून उभा,
इथे चहा आणायचा नाही हे ठाऊक असूनही.

मराठीत कसर भरून काढतात.
इथे काढायची नाही, असा नियम आहे.
भोक हेही पुस्तकाचंच.
मी जपानी कागद लावीन, गव्हाच्या पातळ खळीने,
पण कोरा.
म्हणून वेगळ्या चिठ्ठीवर, पेन्सिलीने:
‘पा. ३९, ओ. ७: पालव. आधार: तोंडी.
सांगणाऱ्याची आई, नाव इस्पेरान्स, स्वयंपाकघर, चोडण.’
असा आधार कुठल्या रकान्यात बसत नाही.
समासात बसवला.

दाखलपत्र भरताना शीर्षक अडलं.
विचारलं, आई काय म्हणायची याला?
‘लीव्र,’ ते म्हणाले. ‘आनी कितें?’
लिहिलं: लीव्र.
त्यांनी सही केली, फार सावकाश, पूर्ण नावाची,
मग डबा परत मागितला.
सोलां ठेवायला, म्हणाले.

जिन्यावरून धक्क्याकडे जाताना
तो रिकामा पत्रा
पायरीपायरीला वाजत होता.