वाजवून घेणे

पार्टिकमध्ये, डंबार्टन रोडवरच्या चॅरिटीच्या दुकानात
एफी मॅक्स्वीन दर शनिवारी कप वाजवून घेते.
अंगठीचं बोट. टिच्.
खणखणीत वाजला की पन्नास पेन्स,
बद्द वाजला की खालच्या खोक्यात.
डोळ्यांना दिसत नाही ती भेग
चिनीमातीला लपवता येत नाही, म्हणते.

आमच्याकडे मडकं असंच घेतात, मी सांगितलं,
कुंभाराच्या समोर, भीडभाड न ठेवता.
माणसंही वाजवूनच घ्यावीत, असं आत्या म्हणायची,
आणि स्वतः मात्र न वाजवता लग्न करून बसली.
एफी हसली. तिचंही तसंच झालं होतं.

सोमवार ते शुक्रवार मी हेच करते.
दीड अब्ज वर्षांपूर्वी कुठेतरी
दोन कृष्णविवरं एकमेकांत कोसळली
आणि जे एक उरलं ते क्षणभर वाजलं.
क्षणभरही नाही, चार मिलिसेकंद.
तो नाद प्रकाशाच्या पावलांनी चालत
लुइझियानातल्या पाइनच्या रानात पोचला
आणि एका आरशाला
अणूच्या गाभ्याहूनही कमी हलवून गेला.

समीकरण सांगतं: उरलेल्याला
नाव नाही, गोत्र नाही, मागचं काही नाही.
वजन आणि फिरकी, बस.
पहिल्या सुरावरून दोन्ही काढा,
दुसरा कुठे लागणार ते मग आधीच ठरलेलं.
तिथेच लागला तर मडकं शाबूत.
जरा सरकला
तर शंभर वर्षांच्या गुरुत्वाकर्षणाला भेग.

खरं सांगते, मला भेग हवी होती.
फेलोशिपचे आठ महिने उरलेले,
आणि रूरीने फळ्यावर मांडलेला सिद्धान्त,
ज्यात दुसरा सूर दोन टक्क्यांनी उतरतो.
‘पुसू नये’ असं त्याने खाली लिहिलंय,
सफाईवाल्या बाईसाठी.

काल रात्री अकराला आलेख उघडला.
दुसरा सूर होता. जागेवर होता.
म्हणजे, जागेच्या आसपास:
अनिश्चिततेची पट्टी एवढी रुंद
की रूरीचे दोन टक्के तिच्यात आडवे झोपतील
आणि वर पायही पसरतील.
‘शाबूत’ असं लिहायचं नाही.
‘भेग ऐकू आली नाही’ असं लिहायचं.
शोधनिबंधात हा फरक एका ओळीचा.
घरी येताना, केल्विनच्या पुलावर,
नदी काळी आणि मी मफलर विसरलेली,
तो बराच लांबत गेला.

आज एफीने निळ्या काठाचा एक कप पुढे केला.
कानातलं यंत्र काढून खिशात ठेवलेलं.
बॅटरी गेली, म्हणाली. तू वाजव.

मी वाजवला.
हीटर घरघरत होता,
कोटांच्या रांगेआड कुणी खोकलं,
दारासमोर बस येऊन थांबली होती, इंजिन चालूच.
पुन्हा वाजवला.
एफी माझ्या तोंडाकडे बघत होती,
खोकं पायाने थोडं पुढे सरकवून.

थांब, मी म्हटलं,
ही बस जाऊ दे.